एकाच संकेतस्थळावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी पाने: शोधयंत्राला भाषा नेमकी कुठे आणि कशी सांगावी?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. बेळगावातील शहापुरात आमच्या मामांचे साड्यांचे दुकान आहे आणि त्याच्या संकेतस्थळाची देखरेख सध्या माझ्याकडे आली आहे. गिऱ्हाईक तिन्ही भाषांचे आहे. चंदगड, गडहिंग्लज, खानापूरकडील माणसे मराठीत विचारतात, बैलहोंगल आणि सौंदत्तीकडील कन्नडमध्ये, आणि बाहेरगावी नोकरीला गेलेली आमचीच मुले इंग्रजीत. म्हणून स्थळ तीन भाषांत आहे. मात्र ज्यांनी ते बांधून दिले त्यांनी तिन्ही भाषांना एकच पत्ता ठेवला आहे. वरच्या यादीतून भाषा निवडली की मजकूर बदलतो, पत्ता मात्र तसाच राहतो. त्यातही भाषा न निवडता कोणी आत आले, तर गिऱ्हाईक कुठून पाहत आहे यावरून भाषा ठरते. त्यामुळे चंदगडच्या बाईंना घरी मराठीत दिसलेले पान त्या बेळगावात येऊन गणपत गल्लीत उभ्या राहिल्या की कन्नडमध्ये उघडते.

गूगलवर मराठीत शोधले तर आमचे मराठी पान कधीच येत नाही. दुकानाचे नाव टाकले तर इंग्रजी मथळा दिसतो. बांधणाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की पानाच्या डोक्यात (म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागात) भाषा सांगणाऱ्या एचरेफलँग या खुणेच्या दोन ओळी घाला, मराठीसाठी ‘एमआर-केए’ आणि कन्नडसाठी ‘केए-आयएन’, म्हणजे काम होईल. हे बरोबर आहे का, आणि एवढ्याने भागेल का?

(या स्थळावर रोमन अक्षरे टंकता येत नाहीत, म्हणून संकेत देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरे आहेत.)

खानापूरचा पाऊस

शहापूरकर, संकेतांकडे नंतर येतो, कारण तुमची खरी अडचण त्याच्या आधीची आहे. एचरेफलँग ही खूण पानांमधले नाते सांगते: या पत्त्यावरचे पान मराठीत आहे, त्याचेच कन्नड रूप त्या पत्त्यावर आहे आणि इंग्रजी रूप तिसऱ्या पत्त्यावर. तुमच्याकडे तीन पत्तेच नाहीत, मग नाते कोणाचे कोणाशी सांगणार?

गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, कुकी बाळगत नाही, यादीतून भाषा निवडत नाही, ब्राउझर पाठवतो तशी आवडत्या भाषेची विनंती पाठवत नाही आणि बहुतांश वेळा तो अमेरिकेतील आयपी पत्त्यांवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून) येतो. तुमच्या स्थळाला तो परदेशी इंग्रजी पाहुणा वाटतो आणि त्याला दर वेळी इंग्रजी पान वाढले जाते. तुमचे मराठी पान गूगलने नाकारलेले नाही. ते त्याने पाहिलेच नाही.

म्हणून आधी पत्ते वेगळे करा. सोपा मार्ग म्हणजे एकाच डोमेनखाली तीन उपफोल्डर: ‘/एमआर/’, ‘/केएन/’ आणि ‘/ईएन/’. उपडोमेनही (स्थळाच्या नावाआधी भाषेचा संकेत जोडलेले पत्ते) चालतात, पण छोट्या दुकानाला ती देखभाल नकोशी होते. प्रश्नचिन्हापुढे ‘लँग’ जोडून पत्ता करण्याची पद्धत गूगल स्वतःच सुचवत नाही. आणि ठिकाणावरून भाषा ठरवून आपोआप दुसरीकडे ढकलणारा भाग पूर्ण काढून टाका. सीमाभागात ठिकाण आणि भाषा यांचा मेळ बसत नाही हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार! शिवाय मोबाइल नेटवर्कवरून आलेल्या माणसाचे ठिकाण आयपी पत्त्यावर बेंगळुरू किंवा पुणे दिसणे ही रोजची गोष्ट आहे.

गोकाक रोड

ठिकाणाबद्दल सहमत आहे, पण मग ‘एमआर-केए’ मध्ये वाईट काय? कर्नाटकातील मराठी वाचकांसाठी हे पान आहे असे त्यातून सांगता येते की. महाराष्ट्रासाठी वेगळे आणि इथल्यासाठी वेगळे दाखवता आले तर आपल्याला ते हवेच आहे.

खानापूरचा पाऊस

हवे असले तरी तसे सांगण्याची सोय त्या खुणेत नाही. पहिला भाग भाषेचा असतो आणि तो आयएसओ ६३९-१ या दोन अक्षरी यादीतून घ्यावा लागतो: मराठी ‘एमआर’, कन्नड ‘केएन’, इंग्रजी ‘ईएन’, हिंदी ‘एचआय’. दुसरा भाग ऐच्छिक असून तो आयएसओ ३१६६-१ या यादीतील देशाचा असतो. राज्याला तिथे जागा नाही. ‘केए’ हा कोणत्याही देशाचा संकेत नसल्यामुळे ‘एमआर-केए’ ही खूण निरर्थक ठरून दुर्लक्षिली जाते. कन्नडसाठी सुचवलेले ‘केए-आयएन’ तर त्याहून मजेचे आहे, कारण भाषांच्या यादीत ‘केए’ म्हणजे जॉर्जियन. तुमचे कन्नड पान भारतातील जॉर्जियन भाषिकांसाठी आहे असे तुम्ही जाहीर करणार होता. असेच कोणी इंग्रजी पानाला ‘ईएन-एमआर’ लावून ते मराठी मुलखासाठी आहे असे समजेल, पण देशांच्या यादीत ‘एमआर’ म्हणजे मॉरिटानिया.

‘एमआर-आयएन’ चुकीचे नाही, पण त्याची गरजही नाही. देश तेव्हाच जोडावा, जेव्हा एकाच भाषेची दोन देशांसाठी दोन वेगळी पाने असतात, उदाहरणार्थ रुपयांतील आणि डॉलरमधील किमती. नुसते ‘एमआर’ लिहिले की बेळगाव, कोल्हापूर, बडोदा किंवा दुबई, कुठलाही मराठी वाचक त्यात येतो. दोन भागांमध्ये जोडरेघ असते, खालची रेघ नाही. काही संगणक प्रणाली आतल्या आत खालची रेघ वापरतात आणि तीच तशीच उचलून इथे डकवली जाते.

आता ओळींविषयी. प्रत्येक पानाच्या डोक्यात तिन्ही भाषांच्या ओळी हव्यात, स्वतःच्या पानाचीसुद्धा. प्रत्येक ओळीत पत्ता पूर्ण लिहावा, अगदी ‘एचटीटीपीएस’ पासून. मराठी पानाने कन्नड पानाकडे बोट दाखवले आणि कन्नड पानाने उलट दाखवले नाही, तर ती जोडी धरली जात नाही. सोयरीक दोन्ही घरांनी मान्य करावी लागते, तसेच हे आहे. नाहीतर कोणीही उठून कोणाच्याही पानाला आपले भावंड म्हणवून घेईल. आणि साडीच्या पानाचे भावंड साडीचेच पान असावे. सगळ्या कन्नड ओळी मुखपृष्ठाकडे वळवून ठेवण्याचा आळस फार ठिकाणी दिसतो.

चौथी ओळ ‘एक्स-डिफॉल्ट’ ची. ही सोय गूगलने एप्रिल २०१३ मध्ये आणली. मूळ एचरेफलँग डिसेंबर २०११ चे. ज्याची भाषा तुमच्या तिन्हींत बसत नाही त्याला कुठे न्यावे, हे तिथे सांगायचे.

निपाणीकर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या गावातील एका पतसंस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानावर वर मराठी आणि खाली तोच मजकूर कन्नडमध्ये असतो, जसा आपल्याकडे पत्रकांवर असतो. संचालक मंडळाला हेच पसंत आहे, कारण कोणाला मागे टाकले असे वाटत नाही. अशा पानाला कोणता संकेत लावावा? ‘एमआर’ आणि ‘केएन’ दोन्ही एकाच पत्त्याला लावले तर?

खानापूरचा पाऊस

निपाणीकर, छापील पत्रकावर ती पद्धत योग्यच आहे, कारण कागद एकच असतो. पण पानाची भाषा ओळखताना गूगल तुमच्या खुणा पाहत नाही. समोर दिसणारा मजकूर वाचून तो भाषा ठरवतो. अर्धे मराठी, अर्धे कन्नड पान पाहून त्याचा गोंधळ होतो आणि बहुधा कोणत्याच भाषेच्या शोधात ते पान ठामपणे वर येत नाही. एका पत्त्याला दोन भाषा लावणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण त्यामुळे मजकूर वेगळा होत नाही. दोन पाने करा आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दुसऱ्याचा ठळक दुवा द्या. संचालकांना सांगा की यात कोणीही खाली राहत नाही. उलट आज जी भाषा पानाच्या तळाशी आहे ती उद्या स्वतःच्या पानावर सर्वांत वर असेल.

याच्या उलट प्रकारही टाळावा: मेनू, बटणे आणि तळटीप कन्नडमध्ये, पण मधला मुख्य मजकूर मराठीतच राहिलेला. सांगाडा भाषांतरित केल्याने पान कन्नड होत नाही.

निपाणीकर

पटले, बैठकीत मांडतो. आमच्या वार्षिक सभेच्या नोटिसा मात्र पीडीएफमध्ये आहेत. पीडीएफला डोके नसते, मग तिथे ओळी कुठे घालायच्या?

खानापूरचा पाऊस

सर्व्हर फाइल पाठवताना सोबत जो एचटीटीपी शीर्षलेख पाठवतो, त्यात ‘लिंक’ नावाची नोंद करून तीच माहिती देता येते. किंवा साइटमॅपच्या, म्हणजे स्थळावरील पत्त्यांच्या यादीच्या, एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक पत्त्याखाली त्याची सर्व रूपे लिहिता येतात. पानाचे डोके, शीर्षलेख आणि साइटमॅप हे तिन्ही मार्ग गूगलला सारखेच आहेत. एकच निवडावा, कारण दोन ठिकाणी लिहिले की काही महिन्यांनी एक ठिकाण बदलते आणि दुसरे तसेच राहते.

पण त्याआधी एक करून पाहा: ती नोटीस उघडून एक ओळ निवडा, कॉपी करा आणि साध्या वहीत डकवा. आपल्या भागातील जुने टंकन मराठीत श्रीलिपीसारख्या आणि कन्नडमध्ये नुडीसारख्या जुन्या फॉन्टांत झालेले असते. डोळ्यांना ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ दिसते, पण डकवल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला बाहेर पडतो. शोधयंत्रालाही तोच काला दिसतो. तशा फाइलवर कोणतीही भाषेची खूण लावून उपयोग नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत, आणावा लागेल.

चिकोडीच्या बाई

मी शाळेत शिकवते आणि तांत्रिक बाजू मला फार कळत नाही, तरी एक शंका आहे. आमच्या शाळेच्या पानावर अगदी पहिल्या ओळीत ‘लँग’ बरोबर ‘ईएन’ असे लिहिलेले मला एका माजी विद्यार्थ्याने दाखवले. पान पूर्ण मराठीत आहे. गूगल जर मजकुरावरूनच भाषा ओळखत असेल, तर ते तसेच राहू द्यावे का?

खानापूरचा पाऊस

नाही बाई, ते जरूर बदलून घ्या. गूगलला भाषा ओळखण्यासाठी ते लागत नाही हे खरे, पण ती खूण इतरांसाठी आहे. अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. ते या खुणेवरून आवाज निवडते आणि ‘ईएन’ दिसले की मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज लावते. मग तो एक तर गप्प बसतो किंवा भलतेच उच्चारतो. दुसरा उपयोग डोळ्यांना दिसणारा आहे. नोटोसारख्या काही देवनागरी फॉन्टांत मराठीची वळणे वेगळी ठेवलेली असतात आणि ‘लँग’ मध्ये ‘एमआर’ लिहिल्यावरच ती उमटतात. पाकळीचा ल आणि देठाचा श फळ्यावर तुम्ही जसा काढता तसा पानावर हवा असेल, तर ती दोन अक्षरे बरोबर असली पाहिजेत. नाहीतर हिंदी वळणाचे ल आणि श येतात. मराठी पानात मध्येच कन्नड परिच्छेद असेल तर तेवढ्या परिच्छेदाला ‘केएन’ लावता येते.

चिकोडीच्या बाई

ल आणि श चे आम्हाला कोडेच होते, मुले विचारत असत. आभारी आहे.

जांबोटी घाट

आमच्या बाजूला काही गावांत कोकणीही आहे. कोकणी पाने करायची झाली तर?

खानापूरचा पाऊस

कोकणीला आयएसओ ६३९-१ मध्ये दोन अक्षरी संकेतच नाही. ‘केओके’ हा तीन अक्षरी आहे. पानाच्या ‘लँग’ मध्ये तो चालतो आणि तिथे तो लावावाच. एचरेफलँगसाठी गूगलने दोन अक्षरी यादी सांगितली असल्यामुळे तिथे मात्र त्यावर विसंबू नये. साधे दुवे देऊन पाने एकमेकांना जोडावीत. कोकणी पानाला मराठीचा संकेत लावण्याचा मोह टाळावा, हे मी तांत्रिक कारणाने सांगतो आहे, बाकीच्या वादात मला पडायचे नाही.

शहापूरकर

तीन फोल्डर करून घेतले आणि आपोआप ढकलणारा भागही काढला. आता नवी अडचण. मामांची इच्छा आहे की मराठी पानांचे पत्तेही देवनागरीत असावेत. ‘वऱ्हाडासाठी साड्या’ असा विभाग आहे, त्याचा पत्ता तसाच ठेवला. पान उघडते, पण माझ्या चाचणीत मराठी आणि कन्नड पानांची जोडी जुळत नाही असे येते. पत्ता तर अक्षरशः एकसारखा दिसतो.

खानापूरचा पाऊस

दिसतो, पण असतो असे नाही. यात मजा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचे टक्केचिन्ह धरून तीन अक्षरांत रूपांतर होते. ‘बेळगाव’ मध्ये ब, एकार, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून पत्त्यात ती ५४ अक्षरे होतात. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की जी टक्केचिन्हांची लांबलचक माळ येते ती हीच. गूगलला याचे वावडे नाही. वाचकाच्या भाषेतील शब्द पत्त्यात असावेत असेच तो सांगतो.

आता ‘वऱ्हाड’ घ्या. त्यातील ऱ तीन प्रकारे टंकता येतो. पहिला, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त. तिसरा, र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही वेळा तोच वऱ्हाड दिसतो. पण पहिल्या रूपात सहा चिन्हे असल्याने पत्त्यात ५४ अक्षरे होतात, तर उरलेल्या दोन्हींत सात चिन्हे असल्याने ६३. ब्राउझर आणि शोधयंत्र यांच्या दृष्टीने हे तीन वेगळे पत्ते आहेत. तुम्ही पान तयार केले एका कळफलकावरून आणि कन्नड पानातली ओळ टंकली दुसऱ्या कळफलकावरून, असे झाले असणार. दोन्ही पत्ते टक्केचिन्हांच्या रूपात शेजारी ठेवून मोजा, लगेच दिसेल.

उपाय सोपा आहे: पत्ता हाताने पुन्हा टंकू नका, पानाच्या पत्त्याच्या पट्टीतून उचलून डकवा. माझे स्वतःचे मत विचाराल तर फोल्डर दोन अक्षरी रोमन आणि पुढचा भाग छोटा, ऱ टाळून केलेला देवनागरी, हे सर्वांत कमी त्रासाचे. ‘लग्नाच्या-साड्या’ ने मामांचे समाधान व्हावे.

शहापूरकर

मोजले. ‘वऱ्हाड’ एवढ्या भागाची अक्षरे एका ठिकाणी ५४ आणि दुसऱ्या ठिकाणी ६३ निघाली. मामा ‘वऱ्हाड’ सोडायला तयार नाहीत, तेव्हा पत्ता उचलून डकवला आहे आणि जोडी जुळली.

गोकाक रोड

एक परखड प्रश्न विचारतो, राग मानू नये. गूगल मजकूर वाचून भाषा ओळखतो, मराठीत शोधणाऱ्याला मराठी पान दाखवतो, तर मग वेगळे पत्ते केल्यावर या चार ओळींचा खटाटोप एका साडीच्या दुकानाने का करावा?

खानापूरचा पाऊस

प्रश्न रास्त आहे. ज्याने ‘शहापूरच्या साड्या’ असे मराठीत टंकले, त्याला मराठी पान या ओळींशिवायही मिळेल. या खुणेने क्रमांक वर जात नाही. दिसणाऱ्या निकालात कोणत्या भाषेचा पत्ता ठेवायचा एवढेच ती सुचवते. फरक पडतो तो दुकानाचे नाव रोमन अक्षरांत टंकणाऱ्यासाठी, आणि आपल्याकडे बहुतेक जण तसेच करतात. नावावरून शोधणाऱ्याची भाषा कळत नाही. तेव्हा त्याच्या फोनची किंवा खात्याची भाषा पाहून गूगल तिन्हींपैकी योग्य पान पुढे करू शकतो, पण ती तिन्ही एकाच घरातली आहेत हे त्याला माहीत असेल तर.

त्यातही मर्यादा आहे. मराठी घरांतील कितीतरी फोन इंग्रजीत ठेवलेले असतात आणि त्यांना इंग्रजी पानच दिसणार. म्हणून प्रत्येक पानाच्या वर ‘मराठी’ हा शब्द मराठीत, कन्नडचा कन्नड लिपीत आणि इंग्रजीचा रोमनमध्ये असे साधे दुवे हवेत. त्यांवर झेंड्यांची चित्रे नकोत. आपल्या भागात तर मुळीच नकोत.

बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राबाबत सांगायचे तर ते एचरेफलँगपेक्षा पानातील ‘कंटेंट-लँग्वेज’ या मेटा खुणेला अधिक मान देत आले आहे. एक ओळ अधिक, घालून टाकावी.

आणि गावाच्या नावाचे काम कोणतीही खूण करत नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव अधिकृतपणे बेळगावी झाले, पण लोक बेळगाव, बेळगावी आणि इंग्रजीतले जुने बेलगाम असे तिन्ही शोधतात. मराठी पानात बेळगाव, कन्नड पानात बेळगावी, इंग्रजी पानात नवे आणि जुने दोन्ही, असे वाक्यांच्या ओघात येऊ द्या.

गोकाक रोड

समाधान झाले. कर्नाटकातील दुकानांच्या पाट्यांवरील ६० टक्के कन्नडच्या नियमाचा विषय इथे कोणीतरी काढणार असे वाटत होते, तो निघाला नाही याचे बरे वाटले.

शहापूरकर

शेवटची शंका. सर्व ओळी घातल्या, तरी गूगल मराठी पानाऐवजी इंग्रजीच धरतो. सर्च कन्सोल या गूगलच्या स्थळमालकांसाठीच्या साधनात आंतरराष्ट्रीय लक्ष्यीकरणाचा अहवाल असतो असे वाचले, तो मला सापडत नाही.

खानापूरचा पाऊस

तो अहवाल २०२२ मध्ये बंद झाला, शोधू नका. त्याऐवजी मराठी पानाचा पत्ता त्याच साधनातील पत्ता-तपासणीत टाका आणि गूगलने अधिकृत पत्ता कोणता धरला आहे ते पाहा. तिथे इंग्रजी पत्ता आला, तर पानाच्या डोक्यातील ‘कॅनॉनिकल’ ची, म्हणजे पानाचा अधिकृत पत्ता सांगणारी, ओळ तपासा. काही साच्यांत तिन्ही भाषांची कॅनॉनिकल ओळ इंग्रजीकडे वळवलेली असते, म्हणजे एकीकडे हे पान इंग्रजीची नक्कल आहे असे सांगायचे आणि दुसरीकडे ते स्वतंत्र मराठी रूप आहे असेही. मराठीची कॅनॉनिकल मराठीकडे, कन्नडची कन्नडकडे, इंग्रजीची इंग्रजीकडे.

ती बरोबर निघाली, तर डोक्यात या ओळींच्या आधी एखादे चित्र किंवा आयफ्रेम (पानात दुसरे पान दाखवणारी चौकट) घुसलेले नाही ना ते पाहा. जाहिरात मोजणारे तुकडे असे काहीतरी सोडून जातात आणि मग पानाचे डोके तिथेच संपले असे धरले जाऊन पुढच्या ओळी वाया जातात.

शहापूरकर

कॅनॉनिकलच होती. तिन्ही इंग्रजीकडे होत्या, आता आपापल्या पानाकडे केल्या आणि साइटमॅप पुन्हा पाठवला. मूळ पत्ता, म्हणजे फोल्डर नसलेला, तिन्ही भाषांचे दुवे असलेले साधे पान करून त्याला एक्स-डिफॉल्ट लावले आहे. दुकानाच्या पिशव्यांवर तोच पत्ता छापलेला आहे, म्हणून तो कुठेही वळवला नाही.

खानापूरचा पाऊस

तसाच ठेवा. गूगलला पाने पुन्हा वाचायला काही आठवडे लागू शकतात, तोवर पत्त्यांत फेरफार करू नका. निपाणीकर, तुमच्या नोटिसा युनिकोडमध्ये आल्या की शीर्षलेखाची ओळ इथे टाका, पाहून सांगतो.